कार्डाची उलटी बाजू

आपा, तुम्ही माझ्या लग्नात दिलेल्या कार्डाची पाठ काल उघडी पडली. तेच कार्ड, हस्तिदंती रंगाचं, वर दोऱ्यानं भरलेली एकच लाल मिरची, देठासकट. आतल्या बाजूला तुम्ही पांढरा कागद चिकटवला होता आणि इतकी वर्षं तो जागचा हलला नव्हता. यंदा नंदुरबारचा उन्हाळा असा काही तापलाय की कपाटातल्या कपाटात गोंद वाळून सुटला असावा. कागद हातात आला आणि तुमच्या हातच्या कामाची उलटी बाजू मी त्या कार्डापुरती पहिल्यांदा पाहिली. ती पाहून मी दुपारी कामावर गेले नाही. मी कामावर न जाणं ही काय चीज आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही मला पाहिलंत ते मिरची वाळवायच्या पथारीवरून धावत येणारी, केसांत धूळ भरलेली पोरगी म्हणून. आता माझ्या हाताखाली पाच बायका आहेत, सुई-दोऱ्यानं भरलेली आमची कार्डं सुरतेपर्यंत जातात, आणि मी चष्म्यावरून बघितलं की भल्याभल्या गप्प होतात. तरीही त्या मिरचीकडे बघितलं की माझी दातखीळ बसते. तुमचे डोळे माझ्यामुळे गेले असं मला फार वर्षं वाटत होतं, आणि ती मिरची म्हणजे तुम्ही मला भर मांडवात मारलेला टोमणा आहे असंही वाटत होतं. डोळ्यांचं कोडं मागेच सुटलं. मिरचीचं राहिलं होतं. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची आणि सुटी असली की मीही तिच्या शेजारी बसायचे. नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, तोंडाला पदर बांधलेल्या बायका, आणि दिवस मावळला तरी न थांबणारी बोटांची आग. तुमचं घर तिथून दहा मिनिटांवर. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओढण्यांना जरीची किनार लावायचं काम चालायचं, पण तुम्ही कागदावर भरायच्या. ईदची कार्डं, दिवाळीची कार्डं, राखीच्या पाकिटात घालायची छोटी कार्डं. बाजारातल्या मारवाड्याच्या दुकानात ती काचेमागे लावलेली असायची आणि मी शाळेतून येताना तिथे उभी राहायचे. एक दिवस नाव विचारत विचारत तुमच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाहीत, हाताकडे बघितलंत. "मिरचीना हात लिसन मन्हा कागदले हात लावू नको," म्हणालात. तुम्ही समजवायच्या तेव्हा अहिराणीत, आणि रागवायच्या तेव्हा हिंदीत. त्यामुळे मला पहिल्याच दिवशी कळलं की हा नकार नाही.

मग तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत. आधी गोडंतेल चोळायचं, मग बेसन, मग साबण, आणि शेवटी वाटीभर ताकात बोटं बुडवून बसायचं. एवढं झालं की स्वतःचं बोट स्वतःच्या खालच्या ओठाला लावायचं. "ओठले लाव. झोंबस का?" झोंबलं तर पुन्हा तेलापासून सुरुवात. त्या घरात मी सुई धरायच्या आधी पंधरा दिवस नुसते हात धुतले, असं मी आमच्या बायकांना सांगते तेव्हा त्या हसतात. त्यांना वाटतं मी वाढवून सांगते. मी पाच दिवसांचे पंधरा केलेत हे खरं, पण हसण्यासारखं त्यात काही नाही.

आजही डोळे मिटले की तुमची ती खोली दिसते. खिडकीपाशी चटई, चटईवर घडी घातलेली जुनी गोधडी, गोधडीवर कार्ड. मेणबत्तीच्या तुकड्यात उलटी खुपसलेली जाड सुई, तीच तुमची टोचणी. आधी नक्षीची सगळी भोकं टोचून घ्यायची, दोऱ्याला तोवर हातसुद्धा लावायचा नाही. मी घाई करते, दोन टाके घालून पुढचं भोक टोचते, सुई सरकते आणि फुलाच्या पाकळीबाहेर एक भोक पडतं. तुम्ही माझ्या हातातून कार्ड काढून घेता, खिडकीशी धरता, आणि त्या नको असलेल्या भोकातून उजेडाचा एक ठिपका माझ्या परकरावर पडतो. "कापडनं भोक बुजी जास," तुम्ही म्हणता. "कागदनं भोक जलमभर ऱ्हास." आवाज अजिबात चढलेला नाही. मी ते कार्ड अजून जपलंय, आणि नवी बाई शिकायला आली की तिला खिडकीशी धरून दाखवते.

टोचणं जमलं, टाके जमले, साखळी जमली, देठाचा टाका तर मला तुमच्यापेक्षा बरा जमतो हे तुम्हीच एकदा कबूल केलं होतंत. उलटी बाजू मात्र जमेना. तुमचा नियम असा की मागे गाठ मारायची नाही. दोरा संपला की तो मागच्या टाक्यांखालून ओवायचा आणि तिथेच जिरवायचा. पाठ अशी हवी की कोणी कार्ड उलटं धरलं तर त्याला क्षणभर तीच सरळ बाजू वाटावी. काम बघायला घेतलं की तुम्ही पुढची बाजू बघायच्याच नाहीत. "उलटी बाजू दखाड." तळोद्याच्या मामाला दिवाळीचं कार्ड पाठवायचं होतं तेव्हा मी शहाणपणा केला. पुढून पणती अशी झाली होती की मलाच माझा हेवा वाटावा. मागे नुसता गुंता. मी त्यावर वहीचा कोरा कागद डकवला आणि ऐटीत तुमच्यापुढे धरलं. तुम्ही नखानं कागदाचा कोपरा उचललात, सगळा सोलून काढलात, आतल्या गाठी बघितल्या आणि कार्ड सरळ दोन तुकडे करून माझ्या मांडीवर ठेवलंत. "ये क्या किया?" हिंदी सुरू झाली म्हणजे माझी खैर नव्हती. मग बराच वेळ गेल्यावर, माझं रडून झाल्यावर, अहिराणीत एवढंच म्हणालात, "झाकं म्हंजे चोरं." झाकलं म्हणजे चोरलं.

मी चार दिवस आले नाही. पाचव्या दिवशी आले, कारण हात वळवळत होते. मामाला कार्ड गेलं ते दिवाळी उलटून गेल्यावर, पण त्याची पाठ उघडी होती.

आता ती दुपार. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. मी सोळा वर्षांची होते, पथारीवर माल पडला होता आणि मी सकाळपासून आईबरोबर देठ खुडत होते. तुमच्याकडे लग्नसराईचं काम आलेलं, तुम्ही मान वर करायला तयार नव्हता. मी आले, स्वयंपाकघरात गेले, तेलाची बाटली रिकामी दिसली आणि मला कंटाळा आला. नुसत्या पाण्यानं हात ओले करून परकराला पुसले. तुम्ही आतूनच विचारलंत, "हात धोयात का?" मी म्हटलं, "धोयात." एवढंच. ओठाला बोट लावायला तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत, आणि मीही लावलं नाही. सहा पदरी दोऱ्याचे दोन दोन पदर वेगळे करून देणं हे माझं काम. मी पदर काढत गेले आणि तुमच्या गुडघ्याशी ठेवत गेले. तुम्ही दोरा बोटांत फिरवून त्याचं टोक करता, सुईत ओवता, आणि मग सवयीनं डाव्या डोळ्याचा कोपरा बोटानं पुसता, तसा त्या दिवशीही पुसलात. तुम्ही एकदम उठलात. डोळ्यावर पाणी मारलंत, दुधात भिजवलेला कापूस ठेवून भिंतीला टेकून बसलात. तुम्ही दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "धूळ गयी व्हई डोयामा." मी मान हलवली. डोळा चार दिवस लाल होता.

त्यानंतर वर्षभरात तुम्ही सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायला लागलात. आधी संध्याकाळी, मग दुपारीसुद्धा. चटई खिडकीतून दारात आली, दारातून ओट्यावर आली. तुम्ही कारण कधीच सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही, कारण माझ्या मते मला कारण माहीत होतं. रोज हात धुताना मी आता एकदा जास्त धुवायचे. त्यानं काय व्हायचं होतं? बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. तुमच्यासमोर बसून टाके घालायचे आणि मनात एकच वाक्य जुळवत राहायचे, की आपा, त्या दिवशी मी हात धुतले नव्हते. ओठापर्यंत यायचं आणि तिथेच झोंबत राहायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी वीसची. मांडवात तुम्ही तुमच्या भाचीचा हात धरून आलात. पायरी कुठे आहे ते ती तुम्हाला सांगत होती. तुम्ही कार्ड माझ्या हातात दिलंत, माझी बोटं चाचपलीत, हसलात. सासूबाईंनी डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "हाई काय? लगनमा कोनी मिरची देस का?" माझी आई हजरजबाबी. ती म्हणाली, "नजर लागाले नको म्हनीसन." सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी मात्र कार्डाकडेच बघत राहिले. पृथ्वीवरची सगळी फुलं, पानं, मोर सोडून तुम्ही माझ्यासाठी मिरची निवडली होती. त्यांना कळलंय, मी मनात म्हटलं. आणि कार्ड उघडलं तर आत कागद चिकटवलेला. ज्या बाईनं माझी पणती फाडली तिनं पाठ झाकली होती. मी कार्ड मिटून ओटीत ठेवलं. सहा महिन्यांनी तुम्ही गेल्याचं मला सासरी कळलं, तेही तुम्हाला नेऊन दोन दिवस झाल्यावर.

डोळ्यांचं कोडं माझ्याच डोळ्यांनी सोडवलं. चाळिशीला चष्मा लागला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आमच्या ओळखीच्या एका बाईंचे डोळे गेले, मिरचीचा हात लागला तर माणूस आंधळं होतं का? त्या म्हणाल्या, "नंदुरबारमध्ये दवाखाना चालवते मी. मिरचीनं डोळे जात असते तर निम्मं गाव काठी घेऊन फिरलं असतं. त्या बाईंना शुगर होती का?" मला तुमचा चहा आठवला. चार चमचे साखर आणि वर टोस्ट. पायाची जखम जी पावसाळाभर बरी होत नव्हती. मी घरी येऊन खूप रडले आणि मग खूप जेवले. डोळे मी घालवले नव्हते. हे मी आज छातीठोकपणे सांगते, तुमच्यासमोरही सांगेन. पण खोटं मी बोलले होते ते बोललेच होते. आणि तुम्हाला ते कळलं होतं की नाही, ते कार्ड काही सांगत नव्हतं.

परवा आमच्यात भांडण झालं त्यावरून ते बाहेर निघालं. तुमची तीच भाची आता माझ्याबरोबर काम करते. हात तुमचा आहे तिचा, जीभही तुमचीच. गिऱ्हाइकांचं म्हणणं असं की कार्डाच्या आत दोन ओळी लिहायच्या तर टाक्यांवर कशा लिहिणार, तिथे कागद लावून द्या. मला ते पटलं. कार्ड हे माणसानं माणसाला काही सांगण्यासाठी असतं, आपली पाठ मिरवण्यासाठी नसतं. हे तुमच्याशी माझं खरं भांडण आहे आणि त्यात मी माघार घेणार नाही. पण तुम्हाला फुफी, म्हणजे आत्या, म्हणणारी भाची उसळली. "फुफी ऱ्हाती ते आज कार्ड बी फाडती नि तुले बी." मी म्हटलं, तुझ्या फुफीनं स्वतः झाकलंय, माझ्या लग्नातल्या कार्डात. "झूट! फुफीनी कधीच झाकं नही." मग मीही पेटले. "मन्हा घर शे ते कार्ड. सकाय लई येसु." उद्या घेऊन येते, असं कबूल करून बसले.

तर काल ते काढलं आणि पाठ उघडी पडली.

पहिल्यांदा नुसत्या गाठी दिसल्या. ज्या हातानं मला गाठ मारू दिली नाही त्या हाताच्या गाठी, इथून तिथून, सगळ्या मिरचीभर. मला वाटलं, दिसत नव्हतं बिचारीला, म्हणून हा गुंता झाला आणि म्हणून झाकला. मी कार्ड खाली ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचललं, डोळे मिटले आणि पाठीवरून बोट फिरवलं. पाच टाके, गाठ. पाच टाके, गाठ. पुन्हा पाच टाके, गाठ. एकही गाठ चुकलेली नाही. आपा, तो गुंता नव्हता. पुढे दिसत नव्हतं म्हणून तुम्ही मागून मोजत गेला होता. डावं बोट कागदाखाली ठेवून, आपण कुठवर आलो ते गाठीवरून ओळखत. देठाच्या टोकाशी तर तीन तीन टाक्यांवर गाठ आहे, कारण तिथे वळण आहे. मी सगळ्या मोजल्या. मोजताना मला एवढा अभिमान वाटला की शेजारणीला हाक मारून दाखवावं असं वाटलं.

आणि एक दिसलं. एका गाठीजवळ, कागदाच्या कोऱ्या भागावर, फिकट नारिंगी डाग आहे. बोटाचा. रेघांसकट. तुम्ही खरी वाळलेली मिरची कागदावर ठेवून तिच्या कडेनं चाचपत भोकं टोचलीत, मिरची कुठेतरी चुरली, आणि तुम्ही तशाच हातानं पुढे काम केलंत. ना तेल, ना बेसन, ना ताक. मला पंधरा दिवस हात धुवायला लावणाऱ्या बाई तुम्ही! मी एकटीच हसत बसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हात न धुता मिरचीच भरून मला दिलीत, म्हणजे त्या दुपारचं तुम्हाला कळलं होतं, याबद्दल आता मला शंका नाही. धूळ कशी खुपते आणि मिरची कशी झोंबते हे नंदुरबारच्या बाईला कोणी शिकवायला नको. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तुम्ही धुळीवर ढकललंत, माझं खोटं तुम्ही स्वतः झाकलंत. ती मिरची टोमणाच होती, तोही जरा झणझणीत. पण रागावलेलं माणूस कोणासाठी एवढ्या गाठी मारत बसत नाही.

आज सकाळी भाचीला कार्ड दाखवलं. ती डोळे मिटून बोट फिरवत राहिली. मग आम्ही ठरवलं की आतला कागद लावायचा, पण चारही बाजूंनी डकवायचा नाही. एकाच कडेला गोंद, दारासारखा. ज्याला लिहायचंय त्यानं वर लिहावं, ज्याला बघायचंय त्यानं उचलून बघावं. तुम्हाला हे अर्धवट वाटेल. वाटू दे. तुमचा नियम तुम्हीच मोडलात, मी निदान त्याला बिजागरी लावली. तुमच्या कार्डाचा कागद मात्र मी पिठाची खळ करून पुन्हा चारही बाजूंनी बसवलाय. तुम्ही झाकलं होतं, ते झाकलेलं राहील. जरासा तिरका बसलाय. तुम्ही असता तर पुन्हा सोललं असतंत.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि तुमच्या कबरीवर नेऊन ठेवावं तर बकऱ्या खातील. दोऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवते, लाल लडींच्या खाली. पण सुरुवातीलाच एक खोटं लिहून बसलेय, ते तरी तसंच ठेवून डबा लावायला नको. उन्हानं गोंद सुटला नव्हता, आपा. तुमचा गोंद कशाचा सुटतोय! मी चहाच्या पातेल्यावर कार्ड धरून वाफ दिली आणि कागद स्वतः सोलला. कळल्याशिवाय राहवत नव्हतं. पण त्याआधी हात धुतले होते. तेल, बेसन, साबण, ताक, सगळं. ओठालाही लावून बघितलं.